एकाच एक्सेल फाइलीत तिघांच्या नोंदी: दवाखान्यासाठी काय करता येईल

डॉक्टर, तुमची अडचण अशी: सांगलीत विश्रामबागच्या दवाखान्यात रिसेप्शन, सिस्टर आणि लॅब शेअर्ड फोल्डरमधल्या एकाच एक्सेलमध्ये नोंदी करतात. फाइल 'रीड ओन्ली' उघडली की कुणीतरी कॉपी काढतं आणि रात्री तीन फाइली जुळवत बसावं लागतं. पेशंटची माहिती बाहेर जायला नको, म्हणून ऑनलाइन शीटही नको.

सॉफ्टवेअरचं नंतर बघू. तुमच्या फाइलीत एका पेशंटची एकच ओळ आहे आणि दर फॉलोअपला उजवीकडे रकाने वाढतायत. खरी गोची तिथे आहे, कारण तिघांनाही एकाच वेळी तीच ओळ हवी असते. पेशंटचा तक्ता वेगळा करा आणि भेटींचा वेगळा. दोन्हींना जोडणारा फक्त पेशंट नंबर. सिस्टरनं घेतलेलं बीपी-वजन, लॅबचा रिपोर्ट, तुमचं प्रिस्क्रिप्शन या स्वतंत्र नोंदी ठेवल्या की प्रत्येक जण आपली नवी ओळ घालतो, दुसऱ्याच्या नोंदीला हात लावायची वेळच येत नाही.

नंबर द्यायचं काम मात्र फक्त रिसेप्शनचं, आणि इथं जितका वेळ घालवाल तितका कमी. आपल्या भागात एकाच गावात एकाच नावाचे दोन-तीन पाटील सहज निघतात. जन्मतारखेवर विसंबू नका. शाळेत नाव घालताना गुरुजींनी लावलेली १ जून कितीतरी जणांच्या कागदावर असते. मोबाइल नंबर बहुतेकदा मुलाचा, आणि तोच घरातल्या सगळ्यांच्या नावापुढे. कर्नाटकातल्या अथणी-चिकोडीकडचा पेशंट आला की नावाचं स्पेलिंग दर खेपेला वेगळं. म्हणून नवा नंबर देण्याआधी नाव, गाव आणि मोबाइलचे शेवटचे चार आकडे घालून शोधायचं, सारखी दिसणारी नावं समोर आली की पेशंटलाच विचारायचं, आणि नंबर केसपेपरवर ठळक लिहून द्यायचा. दोन नोंदी एकाच माणसाच्या आहेत हे माणसानं ठरवावं, कॉम्प्युटरनं परस्पर जोडू नयेत. चुकीच्या माणसाची ॲलर्जी चुकीच्या केसपेपरवर गेली तर काय होईल, हे तुम्हाला सांगायला नको.

आता साधन. तिघा-चौघांना मायक्रोसॉफ्टचं 'ॲक्सेस' हे डेटाबेसचं सॉफ्टवेअर पुरतं: डेटाची फाइल एका मशिनवर, फॉर्मची फाइल प्रत्येकाच्या कॉम्प्युटरवर. जोडणी केबलनं करा. वायफाय मध्येच तुटलं तर फाइल खराब होऊ शकते. ॲक्सेसच्या फाइलीला मर्यादा २ जीबीची आहे, त्यामुळे एक्स-रेचे फोटो आत कोंबू नका. ओळखीत डेटाबेसचं काम जाणणारं कुणी असेल तर दवाखान्यातल्याच एका मशिनवर पोस्टग्रेस किंवा मारियाडीबी हे डेटाबेस सर्व्हर आणि ब्राउझरमध्ये फॉर्म, हे मला जास्त पसंत आहे. दोन्ही फुकट आहेत. एसक्यूलाइट हा एकाच फाइलीत राहणारा डेटाबेस. त्याची फाइल शेअर्ड फोल्डरमध्ये ठेवून तिघांनी लिहिणं टाळाच. ओपनएमआरएस या पेशंटच्या नोंदींच्या मोफत सॉफ्टवेअरवर उभी केलेली बाह्मनी ही तयार मोफत प्रणाली चांगली आहे, पण ती हॉस्पिटलच्या मापाची. नुसत्या ओपीडीला जड जाईल.

काहीही घ्या, पैसे देण्याआधी एक चाचणी करा. दोन कॉम्प्युटरवर एकच पेशंट उघडा, दोन्हीकडे पत्ता वेगवेगळा बदला आणि पाठोपाठ सेव्ह करा. दुसऱ्याला 'ही नोंद मधल्या वेळात बदलली आहे' असं दिसलं पाहिजे. गुपचूप पहिल्याचं पुसलं गेलं, तर ते सॉफ्टवेअर घेऊ नका.

लॉगिन प्रत्येकाचं वेगळं, आणि दुरुस्ती केली तरी जुनी नोंद, वेळ आणि नाव मागे राहिलं पाहिजे. पुढे खाटा ठेवणार असाल तर २००२ च्या मेडिकल कौन्सिलच्या नियमांनुसार आंतररुग्णांच्या नोंदी ३ वर्षं सांभाळाव्या लागतात आणि मागितल्यावर ७२ तासांत द्याव्या लागतात.

बॅकअप रोज रात्री, पासवर्ड घातलेल्या डिस्कवर, आणि ती डिस्क दवाखान्याबाहेर वरच्या मजल्यावर. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी कुठवर आलं होतं ते आपण पाहिलंय. महिन्यातून एकदा तो बॅकअप दुसऱ्या मशिनवर उघडूनही बघा.

जुनी एक्सेल एकदम आत ओतू नका. एक तारीख ठरवून त्यानंतर ती फाइल फक्त वाचण्यापुरती ठेवा. जो पेशंट येईल त्याची ॲलर्जी, चालू औषधं आणि जुने आजार तेवढे त्याच्यासमोर विचारून नव्या नोंदीत घ्या.