पोट साफ करायचं औषध आणि अण्णांची किडनी

प्रश्न : डॉक्टर, माझे वडील ६८ वर्षांचे आहेत, बीपीसाठी टेल्मिसार्टन आणि सोबत लघवी जास्त होण्याची गोळी चालू आहे, क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारी रक्ततपासणी) १.५, म्हणजे जरा जास्त आलंय. शौचातून रक्त जातं म्हणून पुढच्या आठवड्यात कोलोनोस्कोपी (दुर्बिणीने मोठं आतडं बघायची तपासणी) ठरलीय, पण अमेरिकेतल्या भाच्याने सांगितलं की पोट साफ करायच्या औषधाने किडनी जाते, तेव्हापासून अण्णा तपासणीच नको म्हणतायत. काय करू?

उत्तर : ताई, आधी हे सांगतो की तपासणी टाळू नका. या वयात रक्त जातंय म्हणजे आतून बघायलाच हवं. पण भाचाही उगीच बोललेला नाही. तो सांगतोय ते सोडियम फॉस्फेटच्या औषधाबद्दल. त्यातलं फॉस्फेट रक्तात जातं, शरीरातलं पाणी जुलाबांनी कमी झालेलं असतंच, मग किडनीच्या बारीक नळ्यांमध्ये कॅल्शियम फॉस्फेटचे बारीक स्फटिक साचतात आणि तिथे कायमची इजा होऊ शकते. वाईट म्हणजे कधीकधी हे कळतं काही आठवड्यांनी, तोवर कोणाला ते औषध आठवतही नाही. अमेरिकेत एफडीएने, म्हणजे तिथल्या सरकारी औषध नियामक संस्थेने, २००६ मध्ये सावध केलं, २००८ मध्ये याच फॉस्फेटच्या गोळ्यांवर सगळ्यात कडक इशारा छापायला लावला. धोका जास्त कोणाला, तर वय ५५च्या पुढे, किडनी आधीच कमजोर, आणि बीपीच्या अशाच गोळ्या चालू. म्हणजे अण्णाच की हो!

म्हणून डॉक्टरांना क्रिएटिनिनचा रिपोर्ट आणि सगळ्या गोळ्या हातात नेऊन दाखवा आणि सरळ विचारा, ‘यात फॉस्फेट आहे का?’ अण्णांसारख्यांना सहसा पेगची, म्हणजे पॉलिएथिलीन ग्लायकॉलची पावडर देतात, ती बहुतेक आतड्यातूनच बाहेर जाते. दोन लिटर खारट पाणी प्यायचा कंटाळा येतो, थंड करून घोट घोट घेऊ द्या. मॅग्नेशियमवालं औषधही विचारल्याशिवाय नको, कमजोर किडनीत ते साचतं. मेडिकलमधून फॉस्फेटचा एनिमा (गुदद्वारातून द्यायचं औषध) आणून देऊ नका, गुडघ्यासाठी डायक्लोफेनॅक ही दुखण्याची गोळी घेत असतील तर तेही त्या दिवसांत बंद. बीपीची आणि लघवीची गोळी त्या दिवशी द्यायची की नाही हे मात्र डॉक्टरच सांगतील, तुम्ही परस्पर थांबवू नका. किती आणि काय प्यायचं तेही लिहून घ्या, नारळपाण्यात पोटॅशियम असतं, ते विचारूनच. चक्कर आली, लघवी फार कमी झाली, सारखी उलटी झाली तर सकाळची वाट न बघता दवाखान्यात न्या, आणि तपासणीनंतर क्रिएटिनिन परत कधी बघायचं ते त्याच भेटीत विचारून ठेवा.