नवा लॅपटॉप आणि गोव्यातला पावसाळा

जून ते सप्टेंबर लॅपटॉप कपाटात कोंडून ठेवू नका. आधी बॅगेच्या अस्तराला बुरशी धरते, मग कीबोर्डखाली ओल जाते. रोज अर्धा तास चालवा, आतली ऊब त्याला कोरडा ठेवते. एसीतून बाहेर नेलात तर थोडा वेळ बंद बॅगेतच राहू द्या, नाहीतर थंड पत्र्यावर बाष्प धरतं.

मे आणि ऑक्टोबरात गडगडू लागलं की चार्जरबरोबर राउटरकडून येणारी लॅन केबलही काढा. विजेचा झटका आत यायची ही दुसरी वाट बहुतेक जण विसरतात, आणि मग पोर्ट जळतो, कधी मदरबोर्डसकट (आतला मुख्य सर्किट बोर्ड).

बॅकअपची हार्ड डिस्क कॉपी झाली की लगेच काढा. जोडलेली राहिली तर रॅन्समवेअर, म्हणजे फायली अडकवून खंडणी मागणारं घातक सॉफ्टवेअर, तिच्यावरच्या फायलीही कुलूपबंद करतं. आणि क्रॅक केलेलं, म्हणजे परवाना तोडून फुकट वाटलेलं सॉफ्टवेअर? ‘आधी अँटिव्हायरस बंद करा’ म्हणतात, तिथेच धोका ओळखा.