रोज मृतदेहांमध्ये काम करून घरी गेल्यावर त्रास होत नाही का?

तुम्ही विचारलंय की अंत्यसंस्काराची व्यवस्था बघणाऱ्या माणसाला मृतदेहांची सवय होऊन जाते का आणि हे सगळं त्याच्या घरच्यांपर्यंत पोचतं का. मी २२ वर्षं हेच काम करतोय, फ्युनरल डायरेक्टर म्हणतात आम्हाला, म्हणून उत्तर द्यावंसं वाटलं. जरा लांबेल.

मृतदेहांची सवय होते, आणि बऱ्यापैकी लवकर होते. शरीरात काय चाललंय हे कळलं की भीतीच निघून जाते. साधारण दोन-चार तासांत शरीर कडक व्हायला लागतं, सुरुवात पापण्या आणि जबड्यापासून, बारा तासांच्या आसपास पूर्ण आखडतं आणि मग एक-दीड दिवसात परत सैल पडतं. उकाड्यात हे सगळं लवकर होतं, थंडीत उशिरा. डोळे आपोआप मिटतीलच असं नाही, खूपदा अर्धे उघडेच राहतात, म्हणून ते आम्ही मिटतो आणि जबडा आखडायच्या आत हनुवटीखाली टॉवेलची गुंडाळी ठेवतो. कूस बदलताना कधीकधी छातीत उरलेली हवा बाहेर पडते आणि कण्हल्यासारखा आवाज येतो. हे मी घरच्यांना आधीच सांगून ठेवतो, कारण एकदा नाही सांगितलं आणि एक बाई "ते जिवंत आहेत, ते जिवंत आहेत" म्हणत धावत आल्या, त्यांना तो आवाज कसला हे समजावताना त्यांच्या चेहऱ्यावर जे झालं ते मी आजपर्यंत विसरलेलो नाही. चूक पूर्णपणे माझी होती.

तर सवय जिवंत माणसांची होत नाही. प्रत्येक घर वेगळं असतं आणि दार उघडेपर्यंत आत काय असेल ते कळत नाही. कुठे कोणीच बोलत नसतं, कुठे दोन भाऊ मोठ्याने भांडत असतात, कुठे सगळे जुनं काहीतरी आठवून हसत असतात आणि मला बघून एकदम गप्प होतात, जणू पकडले गेले. मी त्यांना सांगतो, हसा हो, बिनधास्त हसा. स्ट्रोब आणि शुट या दोघा संशोधकांनी १९९९ मध्ये मांडलं होतं की दुःखातला माणूस सारखा इकडून तिकडे जात असतो, थोडा वेळ गेलेल्या माणसापाशी आणि थोडा वेळ पुढच्या व्यवहारापाशी, आणि हे जाणं-येणं चालू असणं चांगलंच असतं. मला हे वाचायच्या आधीपासून दिसत होतं, फक्त त्याला नाव नव्हतं. याउलट दुःखाच्या पाच टप्प्यांचं, म्हणजे नाकारणं, राग, घासाघीस, खिन्नता आणि शेवटी स्वीकार, हे सगळ्यांना माहीत असतं, आणि लोक येऊन मला सांगतात की मला अजून राग आलाच नाही, माझं काही चुकतंय का. काही चुकत नाही. एलिझाबेथ क्युबलर-रॉस यांनी १९६९ मध्ये ते टप्पे मांडले ते स्वतःच मरणाच्या दारात असलेल्या पेशंटांशी बोलून, मागे राहणाऱ्यांची परीक्षा घ्यायला नाही.

अजून एक गोष्ट सांगतो, कोणाच्या तरी उपयोगी पडेल. घाई करू नका. फोनवर पहिला प्रश्न हाच असतो, किती लवकर येताय. माणूस बरेच दिवस आजारी होता, घरीच गेला, डॉक्टरांनी येऊन बघितलंय, अशा वेळी मी उलट विचारतो, सगळे पोचलेत का, कोणाला थोडा वेळ बसायचंय का. तासा-दोन तासांत काहीही बिघडत नाही. खोली थंड ठेवा, हात हातात घ्या, बोलायचं असेल तर बोला. अपघात असेल, अचानक काही झालं असेल किंवा शंका असेल तर गोष्ट वेगळी, तिथे पोलीस, पोस्टमॉर्टम हे सगळं येतं आणि कशाला हात लावायचा नसतो. पण बाकी वेळी लोक उगाच पळत सुटतात आणि मग वर्षभर म्हणत राहतात, अजून दहा मिनिटं बसायला हवं होतं.

कामातला बराचसा भाग कोणाला दिसत नाही. कागदपत्रं, सर्टिफिकेट, नावातलं स्पेलिंग, दोनदा-तीनदा ओळख पटवणं. दहन करायचं असेल तर पेसमेकर आहे का हे विचारावंच लागतं, कारण भट्टीत ८००-९०० डिग्रीला त्याची बॅटरी फुटते. ज्याचा नवरा तासाभरापूर्वी गेलाय तिला हे विचारायचं म्हणजे काय ते तुम्ही समजू शकता. आणि तान्ह्या बाळांच्या बाबतीत एक आधीच सांगावं लागतं, की नंतर हातात फार थोडी राख येईल, कधीकधी काहीच येणार नाही. मोठ्या माणसाची दोन-तीन किलो असते, ती सगळी हाडांची, बाळाची हाडंच पूर्ण भरलेली नसतात. हे वाक्य बोलायच्या आधी मी अजूनही बाहेर जाऊन एकदा श्वास घेऊन येतो.

आता घरचं. रात्री अडीचला फोन वाजतो तेव्हा बायको माझ्याआधी जागी होते, मी निघून जातो आणि तिची झोप मोडते ती मोडतेच. कितीतरी वाढदिवस मी अर्ध्यातून सोडून गेलोय. पण या सगळ्यापेक्षा तिला लागलं ते वेगळंच. आमच्या कामात एक आवाज तयार होतो, हळू, खालच्या पट्टीतला, वाक्यं छोटी, मध्ये थांबून थांबून. लोकांना त्याने धीर येतो. आणि नकळत मी तो घरी लावायला लागलो. एकदा तिच्या नोकरीचं काहीतरी बिनसलं होतं, ती तावातावाने सांगत होती आणि मी त्या आवाजात म्हणालो, "मी समजू शकतो." ती म्हणाली, "हा तुझा कामाचा आवाज आहे. मला तो नकोय, माझ्याशी भांड." बारा वर्षं झाली असतील या गोष्टीला. त्यानंतर मी गाडी लावली की लगेच वर जात नाही, पाच मिनिटं गाडीतच बसतो, मोठ्याने काहीतरी गुणगुणतो, आवाज मोकळा होईपर्यंत.

मुलीपासून मी काम कधी लपवलं नाही. लहान मुलांशी सरळ बोलावं हे मला एका घरात कळलं, तिथे पाच वर्षांच्या नातवाला सांगितलं होतं की आजोबा झोपलेत, आणि त्याने स्वतः झोपायलाच नकार दिला, तीन रात्री. मारिया नॉज यांनी १९४८ मध्ये हंगेरीतल्या मुलांवरचा अभ्यास छापला होता, पाचेक वर्षांपर्यंतच्या मुलांना मरण म्हणजे दूर जाणं किंवा झोपेसारखं काहीतरी वाटतं, कायमचं वाटत नाही. त्यात आपणच झोपलेत म्हटलं तर ते पोर वाटच बघत बसणार ना. म्हणून मी माझ्या मुलीला "मेले" हाच शब्द शिकवला, शरीर चालायचं बंद होतं, दुखत नाही, परत चालू होत नाही. शाळेत तिने हे एका मैत्रिणीला सांगितलं आणि त्या मैत्रिणीच्या आईचा मला रागारागाने फोन आला. मला वाईट वाटलं, पण मी शब्द बदलला नाही.

आणि मग माझी आई गेली, सहा वर्षांपूर्वी. इथे मला तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर द्यायचंय. तोपर्यंत माझं ठाम मत होतं की घरच्यांनी शेवटचं बघावंच. मी लोकांना तसा आग्रह करायचो, कितीतरी जणांना हाताला धरून आत नेलंय. बघितलं की मनाला पटतं, नाहीतर मन उगाच भलतंसलतं रंगवतं, असं सांगायचो, आणि बऱ्याच जणांच्या बाबतीत ते खरंही असतं. आईच्या वेळी मी बाहेरच्या खुर्चीत बसलो होतो, आमच्याच जागेत, जिथे मी रोज लोकांना बसवतो, आणि माझ्या हाताखाली शिकलेला पोरगा बाहेर आला आणि म्हणाला, "सर, आत यायचंय का?" माझ्या तोंडून नाही निघालं. मला स्वतःलाच कळेना. हजारो लोक बघितलेत, आईला बघवेना. त्या पोराने आग्रह केला नाही, हे मी त्याला कधी शिकवलं नव्हतं, तो एवढंच म्हणाला, "बरं सर. सकाळी परत विचारतो."

रात्रभर जागा होतो. बायको शेजारी बसून होती, तीही काही बोलली नाही. सकाळी त्याने खरंच परत विचारलं आणि मी गेलो.

आईचा भांग त्याने मधून पाडला होता. ती कायम डावीकडून पाडायची. आम्ही प्रत्येक घराकडून एक अलीकडचा फोटो मागून घेतो ते याचसाठी, आणि मी स्वतःच्या आईचा फोटो द्यायला विसरलो होतो. कंगवा मागितला आणि भांग नीट केला, बराच वेळ लागला, केस फार पातळ झाले होते तिचे.

त्यानंतर मी कोणाला आत ओढून नेत नाही. विचारतो, बघायचंय का. नाही म्हणाले तर बरं म्हणतो, आणि ते निघताना सांगतो की उद्या सकाळी परत विचारेन, तेव्हाही नाही म्हटलंत तरी चालेल. आणि डायरीत नावापुढे लिहून ठेवतो, म्हणजे विसरायला नको.