'वेब-आधारित सूचना' म्हणजे नक्की काय?

एम.एड. करणाऱ्या एकीनं विचारलंय, प्रबंधाचं नाव 'विज्ञान शिक्षणातील वेब-आधारित सूचना : संशोधनातील ट्रेंड' असं ठेवलंय, गाईड म्हणतात 'सूचना' काढ आणि 'अनुदेशन' लिही, तर बरोबर कोण?

गाईड. अगं, सूचना म्हणजे 'चपला बाहेर काढाव्यात'! इंग्रजी 'इन्स्ट्रक्शन', म्हणजे इथे शिकवणं, दिसलं की भाषांतराचं मशीन 'सूचना' ओकतं आणि आपण ते उचलून प्रबंधाला चिकटवतो, हल्ली दर दुसऱ्या पीपीटीत हेच. 'अध्यापन' चाललं असतं, पण त्यात शिकवणारा समोर लागतो.

'अनुदेशन' हिंदीतून आलंय, टाकून द्या, असं सांगणारे शुद्धतावादी आहेत. त्यांनी जरा पाणिनीचं संस्कृत व्याकरण, अष्टाध्यायी, उघडावी, सूत्र १.३.१०, 'यथासंख्यमनुदेशः समानाम्'. आधी जितक्या गोष्टी सांगितल्या तितक्याच मागून सांगितल्या असतील तर पहिलीला पहिली, दुसरीला दुसरी अशी जोडी लावायची. म्हणजे अनुदेश हा क्रमानंच व्हायचा! आणि 'संगणक साहाय्यित अनुदेशना'त, म्हणजे संगणकाकडून शिकण्यात, तरी काय असायचं, एक फ्रेम म्हणजे पडद्यावर माहितीचा एक तुकडा, तिच्यावर एक प्रश्न, मग पुढची फ्रेम. हा शब्द निवडणाऱ्याच्या डोक्यात हेच सूत्र होतं असं माझं ठाम मत आहे, पुरावा मागू नका.

'अनुदेशना'तला धातू दिश्, म्हणजे दाखवणं. दिशा, उपदेश, आयटीआयमधले शिल्प निदेशक, सगळी त्याचीच पिल्लं, आणि इंग्रजी 'टीच' पण त्याच गोतावळ्यातलं! 'डिजिटल'मागचं लॅटिन डिजिटस म्हणजे बोट, तेही मी याच घरात धरतो. व्युत्पत्तीवाले 'क'चा 'ग' कसा झाला म्हणून नाक मुरडतात, मुरडोत बापडे.

आणि गंमत बघ, तुझ्या विषयातलं भांडणही बोट किती दाखवायचं याचंच आहे. कोलोरॅडो विद्यापीठाची २००२ पासूनची फेट सिम्युलेशन्स, म्हणजे पडद्यावर करायचे विज्ञानाचे प्रयोग, घे, पोरगं वायर ओढून बॅटरीला लावतं, निळे इलेक्ट्रॉन पळायला लागतात, शॉर्ट झालं की बॅटरी पेटते आणि मग ते मुद्दाम परत पेटवतं. त्याला असं मोकळं सोडायचं की बोट दाखवायचं? २००६ साली किर्श्नर, स्वेलर आणि क्लार्क या शिक्षण-संशोधकांनी लिहिलं की नवशिक्याला फारसं मार्गदर्शन न करता सोडलं तर तो नीट शिकत नाही, पुढच्याच वर्षी मेलो-सिल्व्हर आणि मंडळींनी उलटून सांगितलं की शोधत शिकण्यातही भरपूर आधार दिलेला असतो, तुम्ही नुसतं सोडून देणं आणि आधार देऊन शोधायला लावणं एकाच पोत्यात भरताय.

हां, 'ट्रेंड'चं राहिलंच. 'कल' लिही. 'प्रवाह' नको, तो प्रत्येक सेमिनारच्या बॅनरवर असतो.