रजिस्टर कोण ठेवतं ते आधी बघा

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मुलगा एम.एस. करतोय, पुढे एम.सीएच. न्यूरोसर्जरी करायची म्हणतो, आणि वर ब्रेन ट्यूमरवर संशोधनही. घरचे म्हणतात, दोन डगरींवर पाय ठेवू नकोस. शेवटी तुम्ही जरा वैतागूनच विचारलंय, की इतकी वर्षं संशोधन करून या सर्जन मंडळींनी ग्लायोब्लास्टोमावर, म्हणजे मेंदूच्या त्या सगळ्यात जहाल कॅन्सरवर, असे काय दिवे लावले?

मी ३४ वर्षं न्यूरोसर्जरी केली, आता निवृत्त आहे. संशोधक नव्हतो, हे आधीच सांगून टाकतो. तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं सरळ उत्तर म्हणजे फारसे नाहीत. या ट्यूमरमध्ये गेल्या काही दशकांतली ठळक सुधारणा आली ती २००५ साली, रेडिएशनसोबत टेमोझोलोमाइड या केमोच्या औषधाची कॅप्सूल दिल्याने. निम्मे पेशंट जिथवर पोचतात तो काळ १२.१ महिन्यांवरून १४.६ महिन्यांवर गेला. अडीच महिने, आणि तेही गोळीमुळे. आमच्या सुरीचा त्यात वाटा नाही.

तरीही तुमच्या मुलाला मी एका सर्जनचं काम वाचायला सांगेन. एडवर्ड ओल्डफील्ड. जन्म १९४७, केंटकीचे. १९८१ मध्ये ते बेथेस्डाला अमेरिकेच्या नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थमध्ये आले आणि १९८६ ते २००७ तिथल्या सर्जिकल न्यूरॉलॉजी शाखेचे प्रमुख होते. मग व्हर्जिनिया विद्यापीठात गेले, २०१७ मध्ये वारले. बेथेस्डाच्या त्या रुग्णालयात पेशंटला बिल लावत नाहीत. तो अभ्यासात सामील होतो आणि वर्षानुवर्षं तपासणीला परत येत राहतो. एवढं लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आधी कुशिंग्ज आजार घ्या. बाई येते ती गोल झालेला चेहरा, सुटलेलं पोट, काटक्यांसारखे हातपाय, पोटावर जांभळे पट्टे, बीपी आणि शुगर घेऊन. दोष असतो पिट्युइटरीतल्या, म्हणजे मेंदूच्या तळाशी असलेल्या छोट्या ग्रंथीतल्या, काही मिलिमीटरच्या गाठीत. ती एसीटीएच हे संप्रेरक अखंड सोडत राहते. पंचाईत अशी की पुष्कळदा गाठ एमआरआयवर दिसतच नाही, आणि तेच संप्रेरक कधी छातीतली एखादी गाठही सोडत असते. मग नाकातून शिरून पिट्युइटरी उघडायची की नाही? ओल्डफील्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जांघेतल्या शिरांतून दोन बारीक नळ्या कवटीच्या तळाशी, पिट्युइटरीचं रक्त जिथे उतरतं तिथवर नेल्या. दोन्ही बाजूंचं आणि हाताच्या शिरेतलं रक्त एकाच वेळी घेऊन ताडून पाहिलं. १९९१ साली २८१ पेशंटांचा अनुभव छापला. वरच्या रक्तात एसीटीएच हाताच्या दुप्पट किंवा जास्त, तर दोष पिट्युइटरीत. निदान पक्कं झालेल्या २१५ पिट्युइटरीवाल्यांपैकी २०५ जण या एका आकड्यावर ओळखू आले, आणि बाकीच्यांत एकही चुकून सापडला नाही. एसीटीएच सोडायला लावणाऱ्या सीआरएच या संप्रेरकाचं इंजेक्शन देऊन तिपटीची अट लावली, तर ते इंजेक्शन दिलेल्या २०३ पिट्युइटरीवाल्यांपैकी एकही निसटला नाही. आजही ही तपासणी जवळपास याच आकड्यांवर चालते.

पुढे २००६ मध्ये त्यांनी दाखवलं की गाठ वाढताना भोवतालची ग्रंथी दाबली जाऊन एक पातळ आवरण तयार होतं. आठळीवरच्या पापुद्र्यासारखं. त्या आवरणाच्या बाहेरून गेलात तर गाठ अख्खी सुटून येते, खरवडत बसावं लागत नाही. हे कळायला सूक्ष्मदर्शकाखाली मान मोडून बसावं लागतं, आणि आदल्या दिवशी ती गाठ स्वतःच्या हाताने काढलेली असावी लागते.

आता माझी गोष्ट. नव्वदीच्या सुरुवातीला माझ्याकडे एक बाई आल्या, भाकरी करताना बोटं तव्यावर भाजायची आणि त्यांना कळायचंच नाही. कियारी आणि सिरिंगोमायलिया. लहान मेंदूचे टोकाचे भाग मानेत उतरलेले, आणि मज्जारज्जूच्या आत पाण्याची लांब पोकळी. पाणी आत शिरतं कसं? आम्ही शिकलो ते असं, की मेंदूतल्या चौथ्या पोकळीतून ते वरून खाली ढकललं जातं. म्हणून काही जण वरचं भोक बुजवायचे, काही जण मज्जारज्जूला चीर देऊन पोकळीत नळी घालायचे. मी नळी घातली. बोटांचा बधिरपणा गेला नाही, उलट एक पाय जड पडला. ते मला अजून बोचतं.

१९९४ साली ओल्डफील्डांनी अवघ्या ७ पेशंटांवर एमआरआय आणि ऑपरेशन चालू असतानाच सोनोग्राफी करून वेगळंच चित्र पाहिलं. हृदयाच्या प्रत्येक ठोक्याला ते उतरलेले भाग पिचकारीच्या दट्ट्यासारखे खाली सरकतात, मज्जारज्जूभोवतीच्या पाण्यात दाबाची लाट उठते, आणि पाणी बाहेरून आत रेटलं जातं. वरून उतरत नाही. मग इलाजही सोपा होतो. मागचं हाड काढा, जाड आवरण उघडून ठिगळ लावून जागा मोठी करा, मज्जारज्जूला हात लावू नका. पोकळी आपोआप आकसते. सात पेशंट, ताई! आमच्याकडे तेव्हा त्याहून जास्त होते. पण ऑपरेशननंतर तीन वर्षांनी त्यातलं कोण कसं आहे हे मला सांगता आलं नसतं. ज्या इस्पितळात होतो तिथे जुनी कागदपत्रं दर दोन-तीन वर्षांनी रद्दीत जायची. किलोवर.

व्हॉन हिप्पेल-लिंडाऊ हा आनुवंशिक आजार तर या बाबतीत फारच बोलका आहे. त्यात मेंदूत आणि मज्जारज्जूत रक्तवाहिन्यांच्या गाठी एकामागून एक उगवतात. दिसली की काढा, ही सर्जनची सहजवृत्ती. ओल्डफील्डांच्या शाखेतल्या मंडळींनी २२५ पेशंटांच्या १९२१ गाठी सरासरी सात वर्षं नुसत्या पाहिल्या. निम्म्याहून थोड्या जास्त गाठी वाढल्याच नाहीत, आणि वाढणाऱ्यांतल्या बऱ्याच मधूनमधून थांबत, मग पुन्हा वाढत होत्या. म्हणजे त्रास देत नाही तोवर हात बांधून बसा. कुठलंही यंत्र न शोधता कितीतरी पाठी आणि डोकी उघडायची वाचली.

आणि आता ग्लायोब्लास्टोमा, जिथे हाच माणूस, हीच प्रयोगशाळा हरली. १९९२ मध्ये त्यांच्या गटाने उंदरांच्या मेंदूतल्या गाठीत एका विषाणूच्या मदतीने जनुक सोडलं, मागून ते जनुक असलेल्या पेशींना मारणारं गॅन्सिक्लोव्हिर हे औषध दिलं आणि गाठी विरल्या. माणसांवर पहिल्या १५ जणांत लहान गाठींनीच थोडा प्रतिसाद दिला. मोठ्या चाचणीत, २४८ पेशंटांत, उपयोग शून्य. कारण दिसतंच आहे. जनुक सुई टोचली तिथेच राहिलं, आणि ग्लायोब्लास्टोमाच्या पेशी तोवर चार गल्ल्या पुढे गेलेल्या असतात.

औषध पोचत नाही, हाच ओल्डफील्डांचा खरा ध्यास होता. रक्तातून दिलं तर मेंदूची तटबंदी अडवते. मेंदूत नुसतं ठेवलं तर काही मिलिमीटरपलीकडे झिरपत नाही. १९९४ मध्ये त्यांच्या गटाने मांजराच्या मेंदूत बारीक नळीतून, हलक्या पण सततच्या दाबाने औषध सोडून दाखवलं, की मोठे रेणूसुद्धा पेशींमधल्या फटींतून दूरवर जातात. बादलीने पाणी ओतणं आणि ठिबक लावणं, एवढा तो फरक. पुढे याच पद्धतीने एका विषारी प्रथिनाची २९६ पेशंटांवर चाचणी झाली, तुलनेला ऑपरेशनच्या वेळीच आत ठेवायच्या केमोच्या चकत्या होत्या. निम्मे पेशंट जिथवर पोचले तो काळ ३६.४ आठवडे विरुद्ध ३५.३. पुन्हा हाती काही नाही. नंतर विश्लेषणात निघालं की अनेकांत औषध हवं तिथे पसरलंच नसावं. नळ्या नीट जागी नव्हत्या, आणि पसरताना कोणी पाहतही नव्हतं. ओल्डफील्डांच्या शाखेने मग औषधात एमआरआयवर दिसणारा पदार्थ मिसळून ते पसरताना बघायची रीत बसवली. २०२१ मध्ये याच रीतीने ७ मुलांच्या मेंदूत जनुक सोडल्याचा अहवाल आला. एएडीसी नावाच्या विकराची जन्मजात उणीव असलेली मुलं, बहुतेकांना मानही धरता येत नसे. त्यांच्यात हालचाल सुधारली. ट्यूमरसाठी खोदलेली विहीर, पाणी लागलं ते शेजारच्या शेतात.

म्हणून घरच्यांच्या दोन डगरींबद्दल माझं मत असं. प्रयोगशाळेत पूर्ण वेळ बसून आठवड्यात एक ऑपरेशन करायचं असेल, तर डगरी खऱ्याच आहेत. आपल्याकडे एम.सीएच.ची तीन वर्षं इमर्जन्सी आणि अपघाताच्या केसेसमध्ये कधी संपतात कळत नाही. त्या वयात जनुकांवर संशोधन करीन म्हणणाऱ्या पोराला मी थोडं हसतोच. पण आपणच ऑपरेशन केलेल्या पेशंटचं पुढे काय झालं याचा माग ठेवणं ही दुसरी डगर नाही, ती पहिलीच आहे. ओल्डफील्डांची जी कामं टिकली ती बहुतेक तिथूनच निघालेली.

सीट निवडताना त्याने कॉलेजचं नाव आणि कटऑफ बघावाच. शिवाय एक दिवस त्या विभागाच्या ओपीडीत नुसतं बसावं आणि सीनियर रेसिडेंटला विचारावं, की पाच वर्षांपूर्वी पिट्युइटरीचं ऑपरेशन झालेल्या पेशंटचा फोन नंबर मिळेल का. रजिस्टर काढून दाखवलं तर तिथे नाव घालावं. मेडिकल रेकॉर्डला विचारा असं उत्तर आलं, तर मला कळवा, दुसऱ्या दोन-तीन जागा सुचवतो.