आण्णा तपासणीला यायलाच तयार नाहीत

प्रश्न: आमचे सासरे ६८ वर्षांचे, तासगावला द्राक्षबाग आहे. दवाखाना म्हटलं की "मला काय धाड भरलीय" म्हणतात, पण रात्री चार-चारदा लघवीला उठतात. कोणत्या टेस्ट करायच्या?

उत्तर: ताई, रात्रीचं उठणं वयाचं म्हणून सोडून देऊ नका हो, ते शुगरमुळं असू शकतं नाहीतर प्रोस्टेट (पुरुषांची मूत्राशयाखालची ग्रंथी) वाढल्यामुळं, म्हणून आधी उपाशीपोटी शुगर आणि एचबीए१सी (मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर) करा, एचबीए१सी ६.५ टक्के किंवा जास्त आलं की डायबेटिस धरतात, मग लघवीची तपासणी आणि सोनोग्राफी, त्यात लघवी करून आल्यावर आत किती शिल्लक राहते तेही बघतात. पीएसए, म्हणजे प्रोस्टेट कॅन्सरच्या शंकेसाठीची रक्ततपासणी, मात्र डॉक्टरांशी बोलूनच करा, कारण तो प्रोस्टेटच्या साध्या वाढीनं, इन्फेक्शननंही वाढतो आणि घरचे कॅन्सरच्या धास्तीनं खचतात, हे मी फार बघितलंय. बीपी, क्रिएटिनिन (किडनीसाठी रक्ततपासणी), कोलेस्टेरॉल, डोळे हे वर्षाला एकदा. तंबाखू मळत असतील तर गाल आतून दाखवाच, पांढरा चट्टा किंवा न भरणारी जखम असली तर एक दिवस थांबू नका.

आण्णा छाटणीचं कारण सांगतील. तरी एका सकाळी चहा न घेता मिरजेला न्या, आणि डबा सोबत ठेवा, रक्त दिल्यावर लगेच भाकरी खाऊ दे त्यांना.