मॉडेलमधले इंजिन सत्तर टक्क्यांखाली का अडते?

प्रश्न : एका शाफ्टच्या टर्बोजेटचे (कॉम्प्रेसर आणि टर्बाइन एकाच दांड्यावर असलेले जेट इंजिन) मॉडेल टी-मॅट्समध्ये, म्हणजे नासाच्या इंजिन-मॉडेलिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये, बांधले आहे. कॉम्प्रेसरचे दाबगुणोत्तर (बाहेरचा दाब आतल्याच्या किती पट) 8, हवा सेकंदाला 20 किलो, टर्बाइनच्या तोंडाशी 1200 केल्विन. डिझाइन पॉइंटला (इंजिन ज्या स्थितीसाठी आखले तिथे, 100 टक्के वेगाला) उत्तर येते, पण वेग 70 टक्क्यांखाली नेला की सॉल्व्हर, म्हणजे फेऱ्याफेऱ्यांनी समीकरणे जुळवणारा भाग, थांबतो. टॉलरन्स (किती चूक चालेल ती मर्यादा) सैल करूनही तेच. काय चुकते आहे?

उत्तर : टॉलरन्स आधी होता तसा करून ठेवा. तो सैल केल्याने चूक फक्त झाकली जाते.

डिझाइन पॉइंट एकदा हाताने तपासा. आत येणारी हवा 288 केल्विन आणि कॉम्प्रेसरची कार्यक्षमता 0.85 धरली, तर बाहेर साधारण 563 केल्विन येते. किलोमागे 276 किलोज्यूल काम लागले. तेवढे टर्बाइनने द्यायचे म्हणजे तिथे सुमारे 243 अंशांची घट, बाहेर 957 केल्विनच्या आसपास. दहा-पंधरा अंश इकडेतिकडे चालतील. शंभराचा फरक असेल तर आधी एकके पाहा, कारण टी-मॅट्स पौंड, रँकिन आणि पीएसआयमध्ये चालते. तुमचे 20 किलो तिथे 44.1 पौंड होतात आणि 288.15 केल्विनचे 518.67 रँकिन.

आता मूळ दुखणे. वेग तुम्ही दिलात की सॉल्व्हरच्या हाती तीन अज्ञाते उरतात : कॉम्प्रेसर मॅपवरची (वेग, प्रवाह आणि दाबगुणोत्तर यांचा तक्ता) बीटा रेषा, म्हणजे त्या वेगाच्या रेषेवर आपण नेमके कुठे आहोत ते सांगणारा आकडा, टर्बाइनचे दाबगुणोत्तर आणि इंधन. जुळवायच्या गोष्टीही तीनच : टर्बाइनचा प्रवाह, नॉझलचा प्रवाह आणि शाफ्टवरची शक्ती. प्रत्येक फेरीला बीटाची किंमत छापून पाहा. ती सर्जच्या (कॉम्प्रेसरमधला प्रवाह मोडून हवा उलटी फिरते ती स्थिती) टोकाला जाऊन अडकत असेल, तर दोष गणिताचा नाही. दाबगुणोत्तर 8 असलेल्या एका शाफ्टच्या कॉम्प्रेसरची कार्यरेषा (वेगवेगळ्या वेगांना इंजिन मॅपवर जिथे चालते ती रेषा) कमी वेगाला सर्जकडे सरकतेच. खऱ्या इंजिनात म्हणूनच ब्लीड व्हॉल्व्ह (कॉम्प्रेसरमधली थोडी हवा बाहेर सोडणारी झडप) किंवा फिरती गाइड व्हेन (आत येणाऱ्या हवेची दिशा बदलणारी पाती) असते. मॉडेलमध्ये ब्लीड जोडा, 75 टक्क्यांखाली 5 टक्के हवा सोडून पाहा आणि बीटा मधे येईपर्यंत वाढवत न्या.

बीटा मधेच असूनही सॉल्व्हर थांबला, तर मॅपमध्ये खालच्या वेगाच्या रेषा आहेत का ते बघा. नसतील तर सॉफ्टवेअर रेषा पुढे ताणून अंदाज करते आणि ते आकडे बिनभरवशाचे. नॉझलकडेही लक्ष हवे : त्यावरचे दाबगुणोत्तर 1.85 च्या खाली गेले की चोकिंग (प्रवाह ध्वनीच्या वेगाला पोचून आणखी न वाढणे) सुटते आणि प्रवाहाचे सूत्र बदलते. एकदम 100 वरून 65 वर उडी मारू नका. दोन-दोन टक्क्यांनी उतरा, आणि प्रत्येक वेळी मागचे उत्तर पुढचा पहिला अंदाज म्हणून द्या.

प्रश्न : इंधन एकदम वाढवले की मॉडेल सर्जमध्ये जाते. बग आहे का?

उत्तर : नाही, मॉडेल बरोबर सांगते आहे. जादा इंधनाने वायू लगेच तापतो, पण शाफ्टला जडत्व असल्याने वेग मागे राहतो. तापलेला वायू चोक झालेल्या टर्बाइनमधून पूर्वीइतका जात नाही, मागचा दाब चढतो आणि कार्यबिंदू सर्ज रेषेकडे ढकलला जातो. इंधनाला कॉम्प्रेसरच्या बाहेरच्या दाबाच्या प्रमाणात कमाल मर्यादा घाला. खऱ्या कंट्रोलरमध्येही अशीच मर्यादा असते.